इकोबी थर्मोस्टॅट आणि रूम सेन्सर: खाली उकाडा, वर गारठा असलेल्या घरात काढलेला एक हिवाळा

पाच महिने वापरून मग लिहायला बसलेय. थर्मोस्टॅटचा, म्हणजे घराचं तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या डब्याचा, रिव्ह्यू ऑक्टोबरात लिहिण्यात काही अर्थ नसतो, जानेवारीत बाहेर १४ फॅरनहाइट म्हणजे उणे १० सेल्सिअस झालं की मग वस्तू कळते आणि आपलं घरही कळतं.

घेतलं काय ते आधी सांगते. इकोबी कंपनीचे एन्हान्स्ड मॉडेलचे दोन थर्मोस्टॅट, आणि त्यांचेच वेगळे मिळणारे, खोलीतलं तापमान थर्मोस्टॅटला कळवणारे रूम सेन्सर चार, दोन-दोनच्या पॅकमध्ये येतात ते. सगळं मिळून ६०० डॉलरच्या आसपास गेले. प्रीमियम मॉडेलच्या खोक्यात एक सेन्सर बरोबर येतो, एन्हान्स्डमध्ये येत नाही, त्यामुळे किंमत बघताना तेही धरा.

आता घर, कारण घर सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. १९८० च्या दशकातलं, मध्य न्यू जर्सीत गल्लोगल्ली दिसतं तसलंच. खाली किचन, डायनिंग, फॅमिली रूम, वर चार बेडरूम, मधोमध उघडा जिना, आणि गराजच्या डोक्यावर एक बेडरूम जी लेकीने हट्टाने घेतली कारण तिथून रस्ता दिसतो आणि स्कूल बस वळताना आधी तिला कळते. बेसमेंटमध्ये गॅसवरची एकच फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा सोडणारी भट्टी. तिच्यातून निघालेला मोठा डक्ट (हवा नेणारी पत्र्याची वाट) पुढे दोन वाटांनी जातो, एक खालच्या मजल्याला आणि एक वरच्या, आणि दोन्ही वाटांवर मोटर लावलेली पत्र्याची झडप आहे, तिला डॅम्पर म्हणतात. खालच्या थर्मोस्टॅटने हीट मागितली की खालची झडप उघडते, वरच्याने मागितली की वरची. म्हणजे आमच्याकडे दोन झोन आधीपासून होते, तरीही ही रड होती, हे लक्षात ठेवा.

रड अशी (पुढचे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये) की खाली ७० लावलं तरी फॅमिली रूम ७४ पर्यंत तापायची, माझे बाबा बनियनवर बसायचे, आणि त्याच वेळी वर लेकीच्या खोलीत ६२. पोर कानटोपी घालून झोपायची, आईने नाशिकहून आणलेली गोधडी आणि वर कम्फर्टर. आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, लँडिंगवर, थर्मोस्टॅट काय दाखवतोय तर ७१! म्हणजे त्याच्या मते वर सगळं छान चाललंय.

चूक त्याची नव्हती, त्याला जिथे टांगलं होतं त्या जागेची होती. गरम हवा हलकी, ती उघड्या जिन्यातून वर येते आणि सगळ्यात आधी लँडिंगलाच भेटते. वरच्या थर्मोस्टॅटला खालून फुकट ऊब मिळत होती म्हणून तो हीट मागतच नव्हता, वरची झडप उघडतच नव्हती, आणि बंद दारांमागे बेडरूम गार पडत चालल्या होत्या. खालचा झोन दोन मजल्यांचं ओझं वाहत होता. लँडिंगवर रात्री कुणी झोपत नाही हो, पण अख्ख्या वरच्या मजल्याचा निर्णय तिथल्या हवेवर चालला होता.

डिसेंबरात एका हीटिंगवाल्याला बोलावलं होतं. दहा मिनिटं फिरला, एकाही खोलीत थर्मामीटर लावला नाही, आणि म्हणाला तिसरा झोन करा, लेकीच्या खोलीला स्वतंत्र डॅम्पर, झडपा चालवणारं नवं पॅनल, ३८०० डॉलर. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, पैशांपेक्षा याचं की माणसाने मोजलंच नाही. ज्यांच्याकडे असा कोटेशन आलाय त्यांनी सही करायच्या आधी कृपा करून पुढचं वाचा.

मोजायचं काम बाबांनी घेतलं. बाबा पाटबंधारे खात्यात होते, धरणाची पातळी रोज ठरल्या वेळी वहीत लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यांना सांगावं लागत नाही. स्वस्तातले सहा डिजिटल थर्मामीटर आणले, पहिल्या रात्री सहाच्या सहा एकाच टेबलावर शेजारी ठेवले, का तर आधी ते एकमेकांशी जुळतात का बघायला (त्यातला एक थर्मामीटर दीड डिग्री जास्त दाखवत होता, त्याच्यावर त्यांनी पट्टी चिकटवून तसं लिहिलं). मग प्रत्येक खोलीत एक, आणि सकाळी ६, दुपारी २, रात्री १० अशा तीन दिवस नोंदी. साठ डॉलरसुद्धा लागले नाहीत या सगळ्याला. कुठलाही स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यायच्या आधी हे तीन दिवस काढाच, मी तर म्हणेन अर्धा प्रश्न त्या वहीतच सुटतो.

त्या वहीत एक विचित्र गोष्ट सापडली. खालचा थर्मोस्टॅट डायनिंगच्या भिंतीवर. सकाळी तो शेजारच्या थर्मामीटरपेक्षा २ डिग्री कमी दाखवायचा आणि संध्याकाळी सात-साडेसातला एकदम ३ डिग्री जास्त. आई आल्यापासून म्हणत होती, "अगं, दिवा लावला ना की तासाभरात पाय गार पडतात बघ," आणि मी ते वयामुळे असेल म्हणून सोडून देत होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं. कारण आईचं शब्दशः बरोबर होतं. देव्हारा त्या थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली, कपाटावर. आई संध्याकाळी समई लावते, पाचही वाती, शेजारी निरांजन. ती ऊब सरळ वर थर्मोस्टॅटला लागायची, त्याला वाटायचं घर तापलं, आणि तो फर्नेस बंद करून टाकायचा. दिवा शांत होईपर्यंत खालचा मजला हळूहळू गारठायचा. टीव्ही, टेबललॅम्प, फ्रिज, किचनची भिंत, दुपारचं ऊन, जवळचा व्हेंट (गरम हवा खोलीत सोडणारी जाळी), सगळ्यांनी हेच होतं, आमच्याकडे समई होती एवढंच. देव्हारा समोरच्या कोपऱ्यात हलवला, तिथे देवांचं तोंड पूर्वेला आलं म्हणून आई उलट खूश झाली, आणि संध्याकाळचा प्रश्न एका पैशाशिवाय संपला.

सकाळच्या २ डिग्रीचं कोडं जुना थर्मोस्टॅट भिंतीवरून काढला तेव्हा उलगडलं. मागे वायर येते त्या भोकावर हात ठेवला तर चक्क वारा लागत होता. वायर बेसमेंटमधून भिंतीच्या पोकळीतून वर येते, त्याच वाटेने बेसमेंटची गार हवा येऊन थर्मोस्टॅटच्या पाठीवर बसत होती. त्याला बिचाऱ्याला सतत थंडी वाजत होती, म्हणून तो गरजेपेक्षा जास्त हीट मागत होता, म्हणून फॅमिली रूम तापत होती, ती हवा जिन्यातून वर जात होती, आणि वरचा थर्मोस्टॅट गप्प बसत होता. एका अंगठ्याएवढ्या भोकापासून लेकीच्या कानटोपीपर्यंत सगळी साखळी! हार्डवेअरच्या दुकानात आपल्याकडच्या लांबीसारखा मऊ गोळा मिळतो, डक्ट सील म्हणून मागा, तो वायरभोवती दाबून बसवला. तुम्ही काहीच विकत घेणार नसाल तरी निदान हे भोक बघा.

आता इकोबीकडे येते. बसवायला शनिवारची एक सकाळ लागली, नवरा बेसमेंटमध्ये आणि मी वर, फोनवर बोलत. फर्नेसचा स्विच आधी बंद, जुन्या वायरींचा फोटो, मग हात लावायचा. कंट्रोलच्या वायरी २४ व्होल्टच्या असतात, झटका मोठा बसत नाही, पण चालू असताना आर (वीज आणणारी) आणि सी (परत नेणारी) एकमेकांना टेकल्या तर बोर्डवरचा फ्यूज जातो. स्मार्ट थर्मोस्टॅटला सी वायर लागते, त्याला सतत वीज मिळावी म्हणून. आमच्याकडे भिंतीत एक निळी वायर न वापरता गुंडाळून ठेवलेली सापडली, ती खाली झोनच्या पॅनलवर सी ला जोडली आणि काम झालं. जुनी वायर ओढून बघा, बऱ्याच घरांत अशी एखादी जास्तीची असते. नसेल तर खोक्यात एक जोड-किट येतं, पण मध्ये झोनचं पॅनल असेल तर मी तरी जाणकाराला विचारल्याशिवाय ते लावणार नाही.

खरी जादू त्या छोट्या पांढऱ्या सेन्सरांत आहे. थर्मोस्टॅट भिंतीवर जिथे आहे तिथेच राहतो, भिंत फोडायची नाही, वायर ओढायची नाही, पण तापमान कुठलं मानायचं ते आपण ठरवतो. अ‍ॅपमध्ये होम, अवे, स्लीप असे मोड आहेत आणि प्रत्येक मोडला कुठले सेन्सर धरायचे त्यावर टिक करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हा अख्खा रिव्ह्यू लिहितेय: थर्मोस्टॅटची स्वतःची टिक काढता येते. मी वरच्या झोनला स्लीपमध्ये लँडिंगवरच्या थर्मोस्टॅटची टिक काढली आणि फक्त लेकीची खोली आणि आमची बेडरूम ठेवली. पहिल्याच रात्री साडेदहाला वरची झडप उघडल्याचा आवाज आला, त्या हिवाळ्यात त्या वेळेला मी तो पहिल्यांदा ऐकला.

ही कल्पना काही आजची नाही. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या स्टेट नॉर्मल स्कूलमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात गार की गरम हे बघायला शिपाई खोलीखोलीत यायचा आणि मग खाली तळघरात जाऊन झडपा फिरवायचा, शिकवताना मध्येच. तर त्यांनी वर्गातून थेट तळघरात घंटी वाजेल असं विजेवरचं यंत्र केलं, १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे मुळात खबर द्यायची होती ती माणसं बसतात त्या खोलीची. नंतर घरोघरी सोयीसाठी तो एक डबा हॉलच्या भिंतीवर जाऊन बसला आणि आपण त्या हॉलपुरतं घर तापवायला लागलो. सेन्सर लावल्यावर मला वाटलं, हे पुन्हा वर्गात आलं.

पण नुसते सेन्सर लावून थांबलात तर पस्तावाल, हे फार महत्त्वाचं आहे. एकापेक्षा जास्त सेन्सर धरले की तो त्यांची सरासरी घेतो. लेकीची खोली ६२ आणि आमची ७० असेल तर सरासरी ६६. तुम्ही ६८ लावलं तर तो सरासरी ६८ होईपर्यंत हीट देणार, म्हणजे ढोबळमानाने तिची ६४ आणि आमची ७२. दोघांमधली ८ ची दरी तशीच! सेन्सर फक्त खरं काय ते सांगतो, हवा कुठल्या खोलीत किती जायची ते तो ठरवू शकत नाही, एका झोनमध्ये सगळ्यांना एकाच वेळी हवा मिळते. दरी कमी करायची तर खाली बेसमेंटमध्ये जावं लागतं.

तिथे मोठ्या डक्टमधून प्रत्येक खोलीकडे जाणारे गोल पाइप निघतात, त्यातल्या बऱ्याच पाइपांवर सुरुवातीलाच एक छोटा दांडा असतो, हाताने फिरवायचा. दांडा पाइपाच्या दिशेने असेल तर वाट पूर्ण उघडी, आडवा असेल तर बंद. कुठला पाइप कुठल्या खोलीचा हे शोधायला एक जण वर व्हेंटवर हात धरून आणि एक जण खाली, असं करा, आणि मार्करने पाइपावर नाव लिहून ठेवा. आमच्या बेडरूमचा आणि पाहुण्यांच्या खोलीचा दांडा थोडा-थोडा आडवा केला. एका वेळी अगदी थोडंसं, मग एक पूर्ण दिवस थांबायचं, वही बघायची, मग पुढचं. घाई करून दोन-तीन वाटा ठार बंद करू नका. फर्नेसला ठरावीक हवा वाहून न्यावी लागते, वाट अडली की दाब वाढतो, उष्णता आतच कोंडते आणि सुरक्षेचा स्विच फर्नेस बंद करतो. फिल्टर मळलेला असेल तरीही तेच होतं.

लेकीच्या खोलीत अजून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे बेडचा पाय व्हेंटवर, अर्धी हवा गादीखाली जात होती. दुसरी लक्षातच येत नाही अशी: हवा परत फर्नेसकडे नेणारी जाळी वर एकच आहे, लँडिंगवर. दार लावलं की खोलीतली हवा बाहेर पडायची ती फक्त दाराखालच्या फटीतून, आणि आम्ही दोन वर्षांपूर्वी जाड कार्पेट टाकून ती फटच बुजवली होती. बाहेर जायला वाट नाही म्हणजे आत यायलाही नाही, भरलेल्या बाटलीत पाणी ओतल्यासारखं. नवऱ्याने दार उतरवून खालून पाऊण इंच कापलं. ही एका रविवारची मेहनत, पण वहीत दुसऱ्याच दिवशी ३ डिग्रीचा फरक दिसला, त्या महिन्यात एका झटक्यात मिळालेला सगळ्यात मोठा.

आता आकडे. जानेवारीतली ती १४ फॅरनहाइटची रात्र, वरचा झोन ६८, खालचा रात्री ६६. पहाटे ६ ला लेकीची खोली ६७, आमची ६९, पाहुण्यांची (म्हणजे आईबाबांची) ६८, खाली फॅमिली रूम ६६. आधी घरातल्या सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार खोलीत १२ डिग्रीचं अंतर होतं, आता ३. बाबांनी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात. त्यांना इकोबीच्या वेबसाइटवर दर पाच मिनिटांची नोंद दिसते ते कळल्यावर तर रोज सकाळी चहाबरोबर तेच, फर्नेस किती वेळ चालली, कुठला झोन किती.

गॅसच्या बिलाचं विचाराल तर खरं सांगते, फार मोठा फरक नाही. खालचा झोन आधीपेक्षा कमी चालतो पण वरचा आता खरोखर काम करतो. मी हे बिलासाठी केलं नव्हतं, पोरीच्या झोपेसाठी केलं होतं.

वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवायला लागतात. एक सेन्सर एकाच थर्मोस्टॅटला जोडता येतो, दोन झोनमध्ये वाटून घेता येत नाही, तेव्हा मोजून घ्या. सेन्सर खिडकीत, पडद्यामागे, व्हेंटच्या वर किंवा बाहेरच्या भिंतीवर ठेवाल तर पुन्हा तीच समईची गोष्ट होईल, आतल्या भिंतीवर, साधारण छातीच्या उंचीला, मोकळ्या हवेत ठेवा. फॉलो मी नावाचं एक फीचर आहे, ज्या खोलीत माणसांची हालचाल आहे तिकडे जास्त लक्ष देणारं, ते मी रात्री बंद ठेवते कारण झोपलेलं माणूस हलत नाही. आणि दोन झोनमध्ये फार अंतर ठेवू नका. एकटा वरचा झोन चालू असला की अख्ख्या फर्नेसची हवा अर्ध्याच डक्टमध्ये घुसते, सूं सूं आवाज येतो, म्हणून मी रात्री दोन्हींत २ डिग्रीपेक्षा जास्त फरक ठेवत नाही, दोन्ही झोन बरेचदा बरोबरच चालू होतात आणि घर शांत राहतं.

ज्यांच्याकडे एकच फर्नेस आणि एकच झोन आहे त्यांनाही हे उपयोगी आहे, फक्त तिथे एकाचं पारडं उचललं की दुसऱ्याचं खाली जातं हे मान्य करून घ्या. रात्री बेडरूमचा सेन्सर धरला तर रात्री फॅमिली रूम गरम किंवा गार कशीही असेना, तिथे कोण असतं? ही तडजोड चांगली चालते, आधी दांडे मात्र फिरवून घ्या. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी, जिथे बिल्डिंगचं हीटिंग एकत्र असतं आणि थर्मोस्टॅट आपल्या हातात नसतो, यात पैसे घालू नयेत.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते, तिने हे सगळं ऐकून विचारलं मीही घेऊ का. तिच्याकडे डक्ट नाहीत, बॉयलर आणि रेडिएटर आहेत, तिथला हिशोब वेगळा. प्रत्येक रेडिएटरवर स्वतःचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो, १ ते ५ आकडे असलेला, तोच खोलीपुरता झोन. पण तिचीही चूक जागेचीच निघाली. भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट हॉलवेत, आणि त्याच हॉलवेतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह तिने २ वर ठेवलेला. हॉलवे तापतच नाही, त्यामुळे थर्मोस्टॅट समाधानी होत नाही आणि बॉयलर चालूच राहतो. ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा असतो. तिने तो उघडला, बाकीच्या खोल्यांचे आकडे गरजेप्रमाणे कमी केले, आणि तिला काहीच विकत घ्यावं लागलं नाही.

आमचं एक काम राहिलंय, गराजच्या छतात इन्सुलेशन भरायचं. लेकीच्या खोलीची फरशी अजून पायाला गार लागते, ते कुठलाही सेन्सर बरा करणार नाही. उन्हाळ्यात एसीची उलटी गंमत सुरू होईल, वर उकाडा आणि खाली गारवा, तेव्हा सेन्सरांच्या टिका पुन्हा लावून बघते आणि सप्टेंबरात इथेच खाली लिहिते. बाबा एप्रिलमध्ये नाशिकला परत गेले, पण वेबसाइटचा पासवर्ड लिहून घेऊन गेलेत, आणि परवा फोनवर म्हणाले, "अगं, पहाटे चारला वरचा झोन दोनदा चालू झालाय, तिच्या खोलीची खिडकी उघडी राहिलीय का बघ." उघडीच होती.